फार्मसीच्या परीक्षेंतील अपयश आणि दुसरी तयारी



पुण्याच्या सदाशिव पेठेचा आणि परीक्षांचा ऋणानुबंध फार जुना आहे. वार लावून जेवणारे आणि माधुकरी मागून शिकणारे विद्यार्थी या पेठेनें पाहिले. १९०९ सालीं स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची, म्हणजे आजच्या पुणें विद्यार्थी गृहाची, वास्तु याच पेठेंत आहे. पुढें वाड्यांच्या जागीं इमारती आल्या आणि त्यांच्या मजल्यांवर, महिन्याचें भाडें घेऊन बसावयास जागा देणाऱ्या अभ्यासिका निघाल्या. तेथें बसणारे बहुतेक सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षांचे उमेदवार असतात, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु राज्यघटनेच्या आणि इतिहासाच्या पुस्तकांच्या शेजारीं एखाद्या टेबलावर औषधशास्त्राचें पुस्तकही उघडें असूं शकतें. फार्मसीची पदविका हातीं आली आहे, पण फार्मासिस्ट म्हणून नांव नोंदविण्यापूर्वीची परीक्षा अनुत्तीर्ण झाली आहे, अशा विद्यार्थ्याविषयीं किंवा विद्यार्थिनीविषयीं आज मला बोलावयाचें आहे.

नापास या शब्दाचा आवाज घरांत फार मोठा होतो. शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात. आणि मग विद्यार्थी काय करतो? जुन्या वह्या काढतो आणि पहिल्या पानापासून पुन्हां वाचावयास बसतो. हा श्रम प्रामाणिक असतो, पण बहुधा अस्थानीं असतो. दुसरी तयारी ही पहिल्या तयारीची पुनरावृत्ति नसावी. ती पहिल्या अपयशाची चिकित्सा असावी. रोग्याच्या बाबतींत निदानाआधीं उपचार करूं नये, हें ज्याला शिकविलें जातें, त्यानें स्वतःच्या अपयशावर तरी निदानावांचून उपचार कां करावा?

प्रथम ही परीक्षा आली कोठून, तें पाहूं. आपल्या देशांत औषधांचा कायदा १९४० सालीं झाला आणि त्याखालचे नियम १९४५ सालीं झाले. पण औषध हातांत देणारा माणूस कोण असावा, याविषयींचा फार्मसी कायदा १९४८ सालचा आहे. तत्पूर्वीं दवाखान्यांत औषधें कालवून देणारा कंपाउंडर पुष्कळदां डॉक्टरांच्या हाताखालीं पाहून पाहून तयार झालेला असे. बनारसच्या हिंदु विश्वविद्यालयांत महादेव लाल श्रॉफ यांनीं १९३२ सालीं फार्मसीच्या शिक्षणास आरंभ केला, तेव्हां या विषयाला विद्यापीठांत प्रथमच पाट मिळाला. १९४८ च्या कायद्यानें नवी नोंदवही सुरू करतांना जुन्या माणसांना वाऱ्यावर सोडलें नाहीं. कंपाउंडरची मान्य परीक्षा दिलेल्यांना, आणि इस्पितळांत अगर दवाखान्यांत निदान पांच वर्षें औषधें कालविण्याचें काम केलेल्यांनाही, पहिल्या नोंदवहींत जागा ठेविली होती. पुढें मात्र ठराविक शिक्षणावांचून तींत शिरण्याची वाट बंद झाली.

तें शिक्षण म्हणजे दोन वर्षांची पदविका आणि तिच्या जोडीला ५०० तासांचें प्रत्यक्ष काम. २०२२ सालीं भारतीय फार्मसी परिषदेनें नियम करून पदविकेनंतर आणखी एक पायरी घातली. राज्याच्या फार्मसी परिषदेकडे नांव नोंदविण्यापूर्वीं देशभर एकच अशी एक्झिट परीक्षा द्यावी, असें तिचें स्वरूप आहे. अशी पहिली परीक्षा राष्ट्रीय आयुर्विज्ञान परीक्षा मंडळानें ऑक्टोबर २०२४ मध्यें घेतली. विद्यार्थी नगरचा असो, नांदेडचा असो कीं पाटण्याचा असो, सर्वांस कसोटी एकच.

या परीक्षेच्या तीन प्रश्नपत्रिका आहेत. पहिलींत औषधनिर्माणशास्त्र, औषधांची शरीरावरील क्रिया आणि वनस्पतिजन्य औषधें हे विषय येतात. दुसरींत औषधी रसायन, जीवरसायन आणि रुग्णालयांतील फार्मसी येते. तिसरींत कायदा आणि औषधदुकानाचा व्यवहार येतो. प्रश्न पर्यायी उत्तरांचे असतात. आतां जो नियम पुष्कळांचा घात करतो, तो ऐका. प्रत्येक प्रश्नपत्रिकेंत निराळे शेंकडा ५० गुण मिळाले पाहिजेत, आणि तेही एकाच खेपेला.

याचा अर्थ गणितानें पाहूं. समजा, एका विद्यार्थ्याला पहिल्या प्रश्नपत्रिकेंत शेंकडा ७५, दुसरींत ७० आणि तिसरींत ४५ गुण पडले. सरासरी ६३ पेक्षां अधिक झाली, तरी तो अनुत्तीर्ण आहे. त्याच्या शेजारच्या विद्यार्थिनीला तिन्ही ठिकाणीं ५२ पडले, तर ती उत्तीर्ण आहे. पहिल्या विद्यार्थ्यानें औषधक्रियेचा आणखी अभ्यास करून ७५ चे ८५ केले, तरी त्याचा निकाल तिळभर बदलणार नाहीं. आणि पुढल्या खेपेस फक्त तिसरीचीच तयारी करून तो गेला, तर पहिल्या दोन प्रश्नपत्रिकाही त्याला पुन्हां द्यावयाच्या आहेत. तेवढ्या अवधींत त्या विसरल्या असतील तर तेथेंही पाय घसरेल. सारांश, या परीक्षेंत सर्वांत उणी बाजू निकाल ठरवते, आणि बळकट बाजू मात्र जपावी लागते. निम्म्याहून अधिक वेळ उण्या विषयाला द्यावा आणि उरलेला वेळ इतर दोहोंची आठवण ताजी ठेवण्यास द्यावा, अशी वांटणी यांतूनच निघते.

परंतु विषय उणा आहे एवढें कळणें म्हणजे निदान नव्हे. ताप आहे हें कळलें, म्हणजे रोग कळला असें होत नाहीं. यासाठीं पहिल्या पंधरवड्यांत नवें कांहींही वाचूं नये. तिन्ही विषयांच्या सरावाच्या प्रश्नपत्रिका, तयारी न करतां, घड्याळ लावून सोडवाव्या. नंतर चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला एका वहींत चार रकान्यांपैकीं एकांत बसवावें. जें मुळांत ठाऊकच नव्हतें, तें पहिल्या रकान्यांत. ठाऊक होतें, पण दुसऱ्या सारख्याच गोष्टींशीं गोंधळ झाला, तें दुसऱ्यांत. प्रश्नाची भाषा नीट कळली नाहीं, तें तिसऱ्यांत. आणि रीत बरोबर पण आंकडेमोड चुकली, तें चौथ्यांत. जीं उत्तरें बरोबर आलीं पण अंदाजानें आलीं, त्यांवरही खूण करावी. त्यांचे गुण पुढल्या खेपेस मिळतीलच असें नाहीं.

या वहीचा उपयोग असा कीं, चारही रकान्यांची औषधें निरनिराळीं आहेत. पहिल्याला वाचन पाहिजे. दुसऱ्याला वाचन नको, तुलना पाहिजे. तिसऱ्याला भाषेचा सराव पाहिजे आणि चौथ्याला हातानें सोडविलेलीं उदाहरणें पाहिजेत. पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हां वाचल्यानें यांपैकीं फक्त पहिलाच रकाना भरून निघतो.

दुसऱ्या रकान्याचें एक उदाहरण देतों. क्लोरप्रोमाझिन आणि क्लोरप्रोपामाइड या दोन नांवांत कानाला फारसा भेद वाटत नाहीं. एक मनोविकारावरचें औषध आहे. दुसरें रक्तांतील साखर उतरविणारें, मधुमेहावरचें आहे. परीक्षेंत या गोंधळानें एक गुण जाईल. दुकानांत याच गोंधळानें मधुमेह नसलेल्या माणसाची साखर उतरून तो बेशुद्ध पडेल. अशा जोड्या एका पानावर समोरासमोर लिहाव्या, आणि प्रत्येकीखालीं वर्ग, उपयोग आणि धोका हीं तीनच वाक्यें लिहावीं.

चौथ्या रकान्याचें उदाहरण पाहा. डॉक्टरांनीं १२ किलो वजनाच्या बालकाला दर किलोस १५ मिलिग्रॅम या मानानें पॅरासिटामॉल सांगितलें आहे. म्हणजे एका वेळीं १८० मिलिग्रॅम. आतां बाजारांत पांच मिलिलिटरांत १२० मिलिग्रॅम असलेलें पातळ औषध मिळतें, आणि तेवढ्यांतच २५० मिलिग्रॅम असलेलेंही मिळतें. पहिल्याचे साडेसात मिलिलिटर द्यावे लागतील, दुसऱ्याचे ३·६. पहिल्याचें माप मनांत धरून दुसरी बाटली दिली, तर बालकाच्या पोटांत ३७५ मिलिग्रॅम, म्हणजे सांगितल्याच्या दुपटीहून अधिक औषध जाईल. तसेंच मिश्रणाचें गणित. शेंकडा ९० आणि शेंकडा ६० तीव्रतेच्या मद्यार्कापासून शेंकडा ७० तीव्रतेचें ६०० मिलिलिटर मिश्रण करावयाचें आहे. ७० मधून ६० वजा केले तर १०, आणि ९० मधून ७० वजा केले तर २०. म्हणून तीव्र मद्यार्काचा एक भाग आणि सौम्याचे दोन भाग, अर्थात् २०० आणि ४०० मिलिलिटर. ताळा पाहिला तर १८० आणि २४० मिळून ४२०, म्हणजे ६०० चे बरोबर शेंकडा ७०. अशीं पांच उदाहरणें रोज ताळ्यासह सोडविलीं, तर महिन्याभरांत हात बसतो. केवळ डोळ्यांनीं वाचलेलें गणित मात्र परीक्षेच्या दिवशीं हाताला येत नाहीं.

आतां पाठांतराविषयीं. विस्मरण कसें होतें, याचा पद्धतशीर अभ्यास हेरमान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें स्वतःवरच प्रयोग करून केला आणि १८८५ सालीं प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरगट पाठ करून किती काळानें किती विसरतात, हें त्यानें मोजलें, तेव्हां आरंभीं विस्मरण झपाट्यानें होतें आणि मग त्याचा वेग मंदावतो, असें आढळलें. २००६ सालीं अमेरिकेंत रोडिगर आणि कार्पिकी यांनीं विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटानें एक उतारा चार पाळ्यांत वाचला. दुसऱ्या गटानें तो एकाच पाळींत वाचला आणि पुढल्या तीन पाळ्यांत पुस्तक मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पांच मिनिटांनीं विचारलें, तेव्हां वाचणारा गट पुढें होता. परंतु आठवड्यानें विचारलें, तेव्हां वाचणाऱ्यांना शेंकडा सुमारें ४० आठवलें आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारें ६१. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यानें हे आंकडे लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. वाचतां वाचतां 'हें तर मला येतें' असें जें वाटतें, तें पुष्कळदां पांच मिनिटांचें ज्ञान असतें. म्हणून एक प्रकरण वाचावें, पुस्तक मिटावें, कोऱ्या कागदावर आठवेल तें लिहावें, आणि मगच पुस्तक उघडून काय राहिलें तें पाहावें. हेंच दुसऱ्या दिवशीं, आठवड्यानें आणि महिन्यानें पुन्हां करावें. आपल्याकडे जुन्या पाठशाळांत आवृत्ति करण्याची आणि गुरूंपुढें म्हणून दाखविण्याची रीत होती. तिच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे.

कायद्याचा विषय पुष्कळांना रुक्ष वाटतो आणि तिसरी प्रश्नपत्रिका तेथेंच अडते. कलमांचे आंकडे सुटे पाठ केले, तर ते राहात नाहींत. पण प्रत्येक नियमामागें एक अनर्थ आहे, तो शोधला कीं नियम आपोआप लक्षांत राहतो. जीवाणूंवरील कांहीं प्रबळ औषधें आणि सवय लावणारीं कांहीं औषधें एच-१ या परिशिष्टांत घातलीं गेलीं. तें परिशिष्ट १ मार्च २०१४ पासून लागू झालें. हीं औषधें विकतांना रोग्याचें नांव, डॉक्टरांचें नांव, औषध आणि त्याचें परिमाण वेगळ्या नोंदवहींत लिहावें लागतें, आणि ती वही तीन वर्षें जपावी लागते. कां? तर हीं औषधें चिठ्ठीवांचून वाटेल तशीं खपूं लागलीं, तर जीवाणु त्यांना जुमानीनासे होतात. एक्स परिशिष्टांतील औषधांस चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक प्रत दुकानदारानें दोन वर्षें ठेवावयाची असते. कारण तेथें व्यसनाचा धोका मोठा. कारणासह शिकलेला नियम प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी ओळखतां येतो.

तिसऱ्या रकान्याविषयीं दोन शब्द. नियमांप्रमाणें ही परीक्षा इंग्रजींतून आहे. मराठी शाळेंतून आलेल्या पुष्कळ विद्यार्थ्यांचें औषधाचें ज्ञान उणें नसतें. 'पुढीलपैकीं कोणतें विधान बरोबर नाहीं' यांतला 'नाहीं' त्यांच्या डोळ्यांतून सुटतो. त्यावर उपाय साधा आहे. रोज वीस प्रश्न घेऊन, उत्तर न देतां, प्रत्येकांत नेमकें काय विचारलें आहे तें मराठींत एका वाक्यांत लिहावें. नकारार्थी शब्दाखालीं रेघ ओढावी. तीन आठवड्यांत डोळा सरावतो.

परंतु ज्ञान पुस्तकांतून येतें आणि जाण दुकानांतून येते. या मधल्या काळांत एखाद्या चांगल्या औषधदुकानांत नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीं मदतनीस म्हणून दोन तास काम करतां आलें, तर अवश्य करावें. माल लावावा, मुदत संपत आलेलीं औषधें वेगळीं काढावीं, इन्शुलिन २ ते ८ अंश तपमानांत आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि मुख्य म्हणजे रोग्याशीं बोलणें ऐकावें. सांधेदुखीवरचें मेथोट्रेक्सेट नेणारी एखादी आजी विचारते, "अरे बाळा, ही गोळी रोज एक घ्यायची ना?" फार्मासिस्ट चिठ्ठी पुन्हां पाहून सांगतो, "नाहीं आजी, आठवड्यांतून एकदांच. सोमवार तर दर सोमवारींच. रोज घेतलीत तर जिवावर बेतेल. मी पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'सोमवार' लिहून देतों." हा संवाद एकदां कानावर पडला, म्हणजे त्या औषधाची मात्रा जन्मांत विसरत नाहीं. २०१५ सालच्या नियमांनीं रोग्याला असा सल्ला देणें हें फार्मासिस्टचें कामच ठरविलें आहे.

येथें एका मोहाविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. परीक्षा अडली, घरचें दुकान काढावयाचें ठरलें आहे, भांडवल गुंतलें आहे. अशा वेळीं कोणी तरी सुचवितो कीं, दुसऱ्या कोणाचें प्रमाणपत्र महिना ठराविक रक्कम देऊन भिंतीला लावावें आणि गल्ल्यावर आपण बसावें. हा मार्ग कायद्यानें गुन्हा आहे. आणि कायदा बाजूस ठेविला, तरी जी आजी गोळी रोज घ्यावयाची का म्हणून विचारते, तिला उत्तर कोण देणार? भिंतीवरचा कागद उत्तर देत नाहीं. प्रमाणपत्र भाड्यानें आणतां येईल, चिठ्ठी वाचणारी नजर भाड्यानें मिळत नाहीं.

घरच्या मंडळींनाही कांहीं सांगावेंसें वाटतें. अनुत्तीर्ण मुलाला किंवा मुलीला धीर द्यावा, हें तर झालेंच. पण त्याहून उपयोगी पडेल अशी एक गोष्ट कोणत्याही आईला, आजोबांना किंवा धाकट्या बहिणीला करतां येते. रोज रात्रीं जेवणानंतर पंधरा मिनिटें पुस्तक आपल्या हातांत धरावें आणि प्रश्न विचारावे. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसलें तरी चालतें, तें पुस्तकांत आहे. 'अभ्यास किती झाला?' या प्रश्नापेक्षां 'आजच्या दहांपैकीं किती आठवले?' हा प्रश्न चांगला. पहिल्यांत संशय असतो, दुसऱ्यांत सोबत असते. बाहेरगांवाहून येऊन पेठेंत राहणाऱ्यांनीं हीच सोय दोन सहाध्यायी मिळून करून घ्यावी. अभ्यासिकेंत किती तास बसलों, याचा हिशेब ठेवूं नये. त्या तासांत पुस्तक मिटून किती लिहितां आलें, याचा ठेवावा.

शेवटीं खेपांविषयीं. इंग्लंडांत फार्मासिस्टच्या नोंदणी परीक्षेस तीनच संधी मिळतात. अमेरिकेंत सर्वसाधारण मर्यादा पांच खेपांची आहे. आपल्या २०२२ च्या नियमांनीं खेपांवर मर्यादा घातली नाहीं. ही सवलत मोठी आहे, पण तींत एक धोकाही आहे. दार नेहमीं उघडें असलें, कीं आंत जाण्याची घाई राहात नाहीं. म्हणून मर्यादा आपली आपणच घालावी, आणि ती तारखेची न घालतां मोजमापाची घालावी. घड्याळ लावून सोडविलेल्या सरावाच्या तीन लागोपाठ परीक्षांत, तिन्ही प्रश्नपत्रिकांना शेंकडा ६० च्या खालीं गुण न पडले, म्हणजे तयारी झाली असें समजावें. वरचे दहा गुण हे परीक्षेच्या दिवशींच्या घाबरगुंडीसाठीं राखून ठेवलेले आहेत. अर्जाच्या तारखा आणि चालू नियम परिषदेच्या अधिकृत सूचनेवरूनच पाहावे, ऐकीव माहितीवर विसंबूं नये.

औषधदुकानाच्या फळीपुढें उभा राहणारा मनुष्य फार्मासिस्टला कधीं असें विचारीत नाहीं कीं, तुम्ही कितव्या खेपेस उत्तीर्ण झालां. तो चिठ्ठी पुढें करतो आणि विश्वासानें हात पसरतो. त्या हातांत योग्य औषध, योग्य मात्रेंत, योग्य सूचनेसह पडावें, एवढ्यासाठींच ही परीक्षा आहे. पहिल्या खेपेस जें आलें नव्हतें तें दुसऱ्या खेपेस पुरतें येऊं लागलें असेल, तर मधले महिने वाया गेले असें कोणीं मानूं नये.